शिशाची गोळी: ओतणारे हात आणि झाडणारे हात



आजचा विषय ऐकून काही जण चमकले असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने बंदुकीच्या गोळीवर का बोलावे? आमच्याकडे त्याचे एक साधे उत्तर आहे. तत्त्वज्ञानातले फार जुने प्रश्न कधी कधी फार छोट्या वस्तूंमध्ये दडून बसलेले असतात, आणि शिशाची गोळी ही तशी वस्तू आहे.

सुरुवात घरापासून करू. आमचे आजोळ कोकणातले. रानडुकरे शेतात उतरत, म्हणून आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. आधी दारू, मग चिंधी, मग गोळी, आणि वरून गजाने ठासायचे. त्या बंदुकीबरोबर चिमट्यासारखा एक लोखंडी साचा होता. आजोबा परसात चूल मांडत, फुटक्या कढल्यात शिसे वितळवत आणि साच्यात ओतत. आम्हा मुलांना तो सोहळाच वाटे. आजीची मात्र एक ताकीद असे. ते कढले स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत येता कामा नये, आणि हात धुतल्याशिवाय कुणी पानावर बसायचे नाही. तिला रसायनशास्त्र येत नव्हते. पण तिचे हे म्हणणे आम्ही व्याख्यानाच्या शेवटी पुन्हा आठवणार आहोत, तेव्हा ध्यानात ठेवा.

आता शिसेच का, ते पाहू. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. तांबे वितळवायला हजारावर अंश लागतात, लोखंडाला दीड हजारावर. म्हणजे शिसे हा चुलीवर वितळणारा धातू आहे. त्याला भट्टी नको, भाता नको, लोहार नको. दुसरे म्हणजे ते जड आहे. एक घन सेंटिमीटर शिशाचे वजन सुमारे ११.३ ग्रॅम, लोखंडाचे आठ ग्रॅमहूनही कमी. जड वस्तू हवेत आपला वेग टिकवून धरते. जो धातू सहज वितळतो तोच दूर घाव घालतो, असा हा योग आहे, आणि म्हणून शस्त्रांच्या इतिहासात ही एक गोष्ट कायम घरगुती राहिली. तलवार घरी होत नाही, बंदुकीची नळी घरी होत नाही, गोळी होते.

बंदुकीच्या कितीतरी आधीपासून हे चालत आले आहे. ग्रीक आणि रोमन गोफणदार शिशाच्या, बदामासारख्या गोळ्या फेकत. त्या साच्यात ओतत आणि त्यांवर अक्षरेही उमटवत. काही ग्रीक गोळ्यांवर ‘घे’ एवढाच शब्द सापडतो. इसवी सनापूर्वी ४१-४० मध्ये इटलीत पेरुसियाचा वेढा पडला, तिथल्या गोळ्यांवर शत्रूला चक्क शिव्या आहेत. गोळी ओतणाऱ्याला ती कुणाला लागायची आहे हे ठाऊक होते, आणि त्याला त्याच्याशी चार शब्द बोलायचेही होते. हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ओतणारा, फेकणारा आणि ज्याला लागणार तो, हे तिघे तेव्हा एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होते.

बंदूक आली तरी हे घरगुतीपण बराच काळ टिकले. सुरुवातीला दोन बंदुकांच्या नळ्या सारख्या नसत, म्हणून अनेकदा बंदुकीसोबत तिचा स्वतःचा साचा मिळे. या जुन्या व्यवहाराची खूण आपल्या बोलीत अजून आहे. खेड्यात ‘बारा बोअरची बंदूक’ म्हणतात. बारा म्हणजे काय? एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बंदूक बारा बोअरची. नळीचे माप पट्टीवर घेतलेले नाही, शिशाच्या वजनावर घेतलेले आहे.

आता अमेरिकेत जाऊ. १७७६ सालचा जुलै महिना. न्यूयॉर्कमध्ये बोलिंग ग्रीन नावाच्या चौकात इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा होता. जोसेफ विल्टन या शिल्पकाराने केलेला, १७७० साली बसवलेला, शिशाचा, वरून सोन्याचा मुलामा. ९ जुलैला वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी जमावाने दोर लावून पुतळा खाली ओढला. पुतळे पाडण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. पुढे जे झाले ते निराळे आहे. पुतळ्याचे तुकडे कनेटिकटमधल्या लिचफील्ड या गावी, ऑलिव्हर वुलकॉट यांच्या घरी नेले. हे वुलकॉट जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. तिथे घरच्या आणि शेजारच्या बायकामुलांनी तो राजा वितळवून त्याच्या गोळ्या ओतल्या. इंग्लंडच्या राजाचे सैनिक राजाच्याच अंगाच्या गोळ्या खातील, असा विनोद तेव्हा लोक करत होते.

वुलकॉट यांनी याचा हिशेब लिहून ठेवला, आणि तो उपलब्ध आहे. श्रीमती मार्विन ६,०५८. रूथ मार्विन ११,५९२. वुलकॉट यांची मुलगी लॉरा ८,३७८. धाकटी मेरी अ‍ॅन १०,७९०. मुलगा फ्रेडरिक ९३६. श्रीमती बीच १,८०२. इतर किरकोळ लोकांनी केलेल्या २,१८२. शिवाय स्थानिक लष्कराला दिलेल्या ५० आणि एका कर्नलला दिलेल्या ३००. एकूण ४२,०८८. आम्ही स्वतः बेरीज करून पाहिली आहे, ती बरोबर येते.

मेरी अ‍ॅन तेव्हा अकरा वर्षांची होती. फ्रेडरिक आठ वर्षांचा. त्याच्या ९३६ गोळ्या आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. बहिणी दहा दहा हजार ओततात, हा हजाराच्या आतच राहतो. कंटाळला असेल, हात भाजला असेल, खेळायला पळाला असेल. पण वडिलांनी त्याचेही नाव यादीत घातले. मुलाला केवढा अभिमान वाटला असेल, नाही का?

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे ॲरिस्टॉटल आठवणारच. कोणत्याही वस्तूची चार कारणे सांगताना त्याने पुतळ्याचाच दाखला घेतला आहे. पुतळा कशाचा, तर धातूचा, हे उपादान कारण. त्याला आकार कोणता, हे आकारिक कारण. कुणी केला, हे निमित्त कारण. आणि कशासाठी, हे प्रयोजन. आम्ही जवळजवळ चाळीस वर्षे वर्गात हा पुतळा उभा केला. तो वितळवून पाहावा, असे कधी सुचले नाही. लिचफील्डमध्ये उपादान तेच राहिले, शिसे. आकार बदलला. निमित्त बदलले, शिल्पकाराच्या जागी आठ वर्षांचा मुलगा आला. आणि प्रयोजन? वुलकॉट यांच्या यादीत नावे आहेत, आकडे आहेत. त्या ४२,०८८ गोळ्यांचे पुढे काय झाले, किती चिखलात गेल्या आणि किती माणसांत, याचा रकाना नाही. तसा रकाना कोणत्याच शस्त्रागाराच्या वहीत नसतो.

हाच प्रश्न आपल्या व्याकरणातूनही विचारता येतो. शाळेत विभक्ती शिकवताना उदाहरण देतात, ‘रामाने बाणाने वालीला मारले.’ राम कर्ता, बाण करण, वाली कर्म. आता बाण घडवणारा कुठल्या विभक्तीत बसतो, सांगा? तो वाक्यात नाहीच. भाषेनेच त्याला सोडून दिले आहे. पण इतिहास त्याला नेहमीच सोडत नाही.

आपल्याकडचा प्रसंग घ्या. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपले गरनाळी गोळे घेऊन तिथे गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा केला. शिवाजी महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूर घेतले, रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना पकडले आणि सुमारे दोन वर्षे कैदेत ठेवले. आता यातली मेख लक्षात घ्या. महाराज स्वतःही टोपीकरांकडून दारूगोळ्याचे सामान घेत. फ्रेंचांच्या सुरतेच्या वखारीकडून त्यांनी ऐंशी तोफा आणि बंदुकांना पुरेल एवढे शिसे विकत घेतल्याचे इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने नोंदवले आहे. शिसे हा त्या काळात जहाजांतून येणारा माल होता. म्हणजे व्यापाऱ्याने माल विकणे महाराजांना चालत होते. व्यापाऱ्याने निशाण लावून गोळा झाडणे चालले नाही. विकणारा आणि झाडणारा यांच्यात त्यांनी एक रेघ ओढली. ही रेघ कुठे ओढायची, हाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात गोळी घरातून बाहेर पडली. त्याची सुरुवात थोडी आधी, ब्रिस्टलमध्ये झाली. विल्यम वॉट्स नावाच्या प्लंबरने १७८२ साली एक पेटंट घेतले. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून सोडायचे, पडता पडता थेंब आपोआप गोल होतात, आणि खाली पाण्यात पडून घट्ट होतात. त्याने आपल्याच घरावर मनोरा चढवला. एक एक छर्रा हाताने ओतण्याची गरज संपली. मग १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याची लांबट, बुडाशी पोकळ गोळी आली. ही नळीत सहज उतरे, आणि बार होताच बूड फुगून नळीतल्या आट्यांना घट्ट बसे. पल्ला आणि नेम दोन्ही वाढले. हाडाला लागली तर हाडाचा चुरा होई. अमेरिकेच्या यादवी युद्धात एवढे हातपाय कापावे लागले, त्याचे एक मोठे कारण ही गोळी.

याच घराण्याची गोळी एन्फील्ड बंदुकीतून हिंदुस्थानात आली. पुढचे आपल्याला पाठ आहे, पण एका बाजूने पुन्हा पाहू. दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली, कागदाला चरबी, आणि ते काडतूस दाताने फोडायचे. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम इथे एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जात पाहून नाकारले. तेव्हा खलाशी म्हणाला, की लवकरच तुम्ही गाईडुकराची चरबी तोंडात धरणार आहात, मग जात कुठे राहील? हा खलाशी दमदमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातला होता, हे आपण सहसा विसरतो. म्हणजे करणाऱ्याने वापरणाऱ्याला सांगितले, की तुझ्या हातातल्या वस्तूत काय आहे ते मला माहीत आहे, तुला नाही.

सरकार घाबरले. त्याच महिन्यात हुकूम निघाला, की काडतुसे बिनचरबीची द्यावीत आणि शिपायांनी आपल्याला चालेल ते वंगण स्वतः बाजारातून आणून लावावे. पाहा, काम पुन्हा शिपायाच्या हातात देण्याचा हा प्रयत्न होता. पण विश्वास एकदा गेला की गेला. मग कागदच चकचकीत का दिसतो, अशी शंका आली. मेरठला एप्रिलमध्ये ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली, आणि १० मेला भडका उडाला. १८५७ची कारणे अनेक आहेत, ती सारी काडतुसात कोंबण्याचा आमचा इरादा नाही. पण परक्या हातांनी बंद करून दिलेली वस्तू तोंडाला लावायची, हा अनुभव नवा होता आणि तो खोल झोंबला.

त्याच दमदमचे नाव चाळीस वर्षांनी पुन्हा जगभर झाले. शरीरात शिरताच टोक पसरून मोठी जखम करणारी गोळी तिथे कॅप्टन बर्टी-क्ले याने तयार केली. १८९९ साली हेगच्या परिषदेने अशा गोळ्यांना युद्धात बंदी घातली. ब्रिटनने ती मान्य करायला १९०७ साल उजाडले. कलकत्त्याच्या एका उपनगराचे नाव शब्दकोशात जखमेचे नाव होऊन बसले.

आता पिस्तुलाकडे येऊ. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे चक्र असते. स्वयंभरणी पिस्तुलात, ज्याला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात, पहिल्या बाराच्या धक्क्यानेच रिकामी टोपी बाहेर फेकली जाते आणि मुठीतल्या पेटीतून पुढची गोळी वर सरकते. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. १८९०च्या दशकात बोर्कार्ट आणि माउझर, १९००च्या सुमारास ब्राउनिंग, असा हा क्रम आहे. या यंत्राला मऊ शिसे मानवत नाही. गोळी झटक्यात वर सरकताना टोक चेपते, अडकते, वेगाने जाताना नळीत शिशाचा लेप बसतो. म्हणून वर तांब्याचे किंवा तशाच धातूचे कवच चढवू लागले. कवच चढले आणि चुलीशी असलेले गोळीचे नाते तुटले.

असली वीस ब्राउनिंग पिस्तुले गोळ्यांसह १९०९ साली विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या वेळी, त्यातल्या एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. कान्हेरे अठराही पूर्ण नव्हते. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. आणि सावरकरांवर जो दुसरा खटला झाला तो कशासाठी? खुनाला साहाय्य केल्याबद्दल, म्हणजे पिस्तूल पाठवल्याबद्दल. ‘रामाने बाणाने मारले’ या वाक्यात न्यायालयाने बाण पाठवणाऱ्याला आणून बसवले.

आम्ही इथे कुणाला दोषी किंवा निर्दोष ठरवायला उभे नाही. ते काम करणारे पुष्कळ आहेत. आम्हाला फक्त विसंगती दाखवायची आहे. पिस्तूल पाठवणाऱ्याला साम्राज्याने जन्मठेप दिली. त्याच साम्राज्याने दमदमला पसरणारी गोळी करणाऱ्याला शिक्षा केली नाही. लिचफील्डच्या फ्रेडरिकचे नाव आज कौतुकाने घेतले जाते. राजाचे सैन्य जिंकले असते, तर त्याच्या वडिलांची ती यादी फिर्यादीचा पुरावा ठरली असती. म्हणजे गोळी ओतणाऱ्याचे पाप-पुण्य लढाईचा निकाल लागल्यावर ठरते की काय? ते तसे ठरत असेल, तर त्याला नीतिशास्त्र म्हणायचे कशाला?

आमचे मत थोडक्यात सांगतो. जबाबदारी प्रयोजनाच्या ज्ञानाबरोबर चालते. जेवढे ठाऊक, तेवढी जबाबदारी. पेरुसियाच्या गोफणदाराला सगळे ठाऊक होते. फ्रेडरिकला थोडे, त्याच्या वडिलांना पुष्कळ. आजच्या कारखान्यात कवच चढवणाऱ्या कामगाराला बहुधा काहीच नाही. पण पुढची पायरी चुकवू नका. जिथे जाणून घेणे शक्य होते आणि आपण जाणून घेतले नाही, तिथे अज्ञान ही सुटका होत नाही. आधुनिक व्यवस्थेने केले ते हेच. तिने काम एवढ्या हातांत वाटले, की कुणालाच विचारावेसे वाटू नये.

गंमत म्हणजे घरगुती ओतकाम अजून संपलेले नाही. अमेरिकेत कायद्याच्या चौकटीत हजारो हौशी लोक पिस्तुलांसाठी शिशाच्या गोळ्या घरी ओततात, आणि साचे बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी काही त्याच कनेटिकटमधल्या. स्वयंभरणी पिस्तुलाला मऊ शिसे चालत नाही म्हणून ते त्यात कथील आणि अँटिमनी असलेला धातू मिसळतात. असा धातू मिळण्याची त्यांची आवडती जागा कोणती? छापखान्याचे जुने टाइप. आमचा पहिला लेख ज्या छापखान्यात जुळला, तिथे खिळे जुळवणारे मामा होते. त्यांच्या काळ्या बोटांखालचे ते खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचेच. निर्णयसागरच्या पोथ्या आणि केसरीचे अग्रलेख याच जातीच्या धातूने छापले गेले. आणि १८९७ मध्ये टिळकांना शिक्षा झाली ती छापलेल्या शब्दांसाठी. शिसे दोन्हीकडे सारखेच. आकार कोणता द्यायचा, हे ओतणारा ठरवतो.

आता आजीचे कढले. व्हिट्रुव्हियस हा रोमन स्थापत्यकार दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेला, की शिशाचे काम करणाऱ्यांचे चेहरे पांढुरके पडतात, म्हणून पाण्याचे नळ मातीचे असावेत. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिशाची निर्धोक म्हणावी अशी कोणतीच मात्रा माहीत नाही, आणि सर्वांत अधिक इजा लहान मुलांच्या मेंदूला होते. वाफ, राख, हाताला लागलेली पूड, सगळे पोटात जाते. बंदुकीच्या सरावाच्या बंदिस्त जागांत काम करणाऱ्यांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळते. गोळी ज्याच्यावर झाडली त्याला लागेल किंवा चुकेल. ओतणाऱ्याला ती थोडी थोडी लागतच असते. त्या उन्हाळ्यात फ्रेडरिक आणि त्याच्या बहिणी त्या वाफेत उभ्या होत्या. आम्हीही आजोबांच्या चुलीशी उकिडवे बसलो होतो. आजीने हात धुवायला लावले, त्याचे मोल आम्हाला साठी उलटल्यावर कळले.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. तो राजा पुरता वितळला नाही. लिचफील्डच्या वाटेवर विल्टन नावाच्या गावाजवळ काही तुकडे राहून गेले आणि शंभरेक वर्षांनी जमिनीत सापडले. त्यातली घोड्याची शेपटी न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. त्या शेपटीच्या किती गोळ्या झाल्या असत्या याचा हिशेब कुणीही करू शकेल. बाकीच्या ४२,०८८ कुठे गेल्या, हे मात्र आपण आजही विचारत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.